दारातली पोकळ फरशी

आमच्या घरात दारातून आत पाऊल टाकलं की पहिलीच फरशी टप्प वाजते. बाकीच्या सगळ्या गप्प. नवीन माणूस हमखास थबकतो, खाली बघतो, टाचेने पुन्हा एकदा ठोकून बघतो आणि मग माझ्याकडे कीव करत बघतो. मिस्त्रीने हिला फसवलंय आणि हिला अजून पत्ताच नाही, असा तो चेहरा असतो. नळ दुरुस्तीवाला, विम्याचा एजंट, माझ्या माहेरची माणसं, सगळ्यांनी सांगून झालंय, "ही काढून बसवून घ्या. फुटंल एखाद्या दिवशी." मी हो म्हणते आणि चहा टाकते. फरशी आहे तिथेच आहे.

ती बसवणारा मिस्त्री आमच्याकडे आला तो मोटारसायकलवर. मागे फरशी कापायचं मशीन दोरीने आवळलेलं आणि पुढे टाकीवर सहा-सात वर्षांची मुलगी. गाडी बंद करायच्या आधीच त्याने विचारलं, "पोरगी संग असती. चालंल?"

आमचे हे म्हणाले, "चालेल की, पण—"

"पण असंल तर न्हाई चालायचं," असं म्हणून तो गाडी वळवून निघालासुद्धा. ह्यांना पिंपळवंडीच्या रस्त्यापर्यंत त्याच्यामागे पळत जावं लागलं. ह्यांचं 'पण' एवढंच होतं की उन्हातान्हाचं लेकराला कशाला त्रास. ते पटायला मिस्त्रीला बराच वेळ लागला. पहिल्याच दिवशी घरमालकाला धाप लावणारा कारागीर मी त्याआधी पाहिला नव्हता.

आत आल्यावरही त्याने मोजमाप घेतलं नाही. म्हणाला, "आदी पोरीला बसायला जागा दावा. मंग मला काम दावा." जागा आम्ही दाखवायची नव्हतीच. मुलगी दप्तर पाठीला लावून सगळ्या मोकळ्या खोल्यांतून फिरली आणि तिने स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची, सिलिंडरची जागा पसंत केली. तिथे गोधडी अंथरली, दप्तर उशाला घेतलं आणि आम्हाला म्हणाली, "हितं गार हाय." बाप तिला आक्का म्हणायचा, म्हणून आम्हीही आक्काच म्हणायला लागलो. बापाला ती दादा म्हणायची.

मे महिन्याची सुट्टी होती म्हणून ती दिवसभर असायची. शाळा चालू असली की हा माणूस भर दुपारी काम टाकून तिला आणायला जायचा, असं आमच्या शेजारणीने सांगितलं होतं. तिच्याकडेही त्यानेच फरशी केली होती. भिजवलेला सिमेंट-वाळूचा माल घमेल्यात तसाच ठेवून जायचा आणि तो कडक झाला की येऊन नवीन भिजवायचा. शेजारीण म्हणाली, "काम आरशासारखं. पण डोकं फिरलेलं माणूस हाय. आन् एक सांगून ठेवते, दारातली एक फरशी पोकळ ठेवतो. मुद्दाम. लक्ष ठेवा."

डोकं फिरलेलं होतं यात वाद नाही. घरात आम्हाला तो 'पावणं' म्हणायचा. तसं आमच्या भागात कुणालाही पावणं म्हणतात, पण त्याचं म्हणणं वेगळंच होतं. "काम चाललंय तवर घर माझं. तुमी पावणं. पावण्यानं इचारून आत यायचं." माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, हे अजिबात सहन झालं नाही. त्या मागच्या जुन्या घरातून काठी टेकत यायच्या आणि दारातूनच सुरू करायच्या.

"माझ्या घरात मी इचारून येऊ व्हय रे?"

"अजून घर झालंय कुठं, आजी? झाल्यावर या की. तवा मी इचारीन."

"मेल्या, जागा माझ्या मालकाची हाय!"

"जागा आसंल. फरशी वली हाय. पाय ठिवला तर काठी जप्त."

हे रोज चालायचं. आत्याबाईंना वर्षानुवर्षं असं भांडायला कुणी मिळालं नव्हतं. माझ्याशी त्या भांडायच्या, पण मी उलटून बोलले की त्यांना राग यायचा आणि नाही बोलले की जास्तच राग यायचा. मिस्त्रीशी भांडून त्या खूश होऊन घरी जायच्या आणि जेवण चांगलं जायचं.

ओल्या फरशीवर पाय ठेवणारा माणूस त्याला खुनी वाटायचा. वाळलेल्या फरशीवरही मातीचे पाय चालायचे नाहीत. आमचे हे एकदा कांद्याच्या वावरातून तसेच आत आले तर त्याने त्यांना मागच्या मागे बाहेर काढलं, विहिरीवर पाय धुवायला लावले आणि त्यांनी उमटवलेला प्रत्येक डाग उकिडवं बसून फडक्याने पुसला. पुसताना बोलत होता, पण ह्यांच्याशी नाही, फरशीशी. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. मानसं अशीच असत्यात."

फरश्यांशी तो बोलायचाच. एकेक बसवली की रबरी हातोडीने ठोकायचा, मग थापीच्या मुठीने कोपऱ्यांवर टिचक्या मारायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. भरीव बसली की म्हणायचा, "गप झाली." पोकळ वाजली की "बोलती हाय अजून," आणि लगेच उचकटायचा. न्हाणीच्या दारातली एक फरशी त्याने इतक्या वेळा काढली-बसवली की ह्यांनी हात जोडले, म्हणाले, राहू द्या हो, आम्हाला चालेल. "तुमाला चालंल. हिला झोप लागायची न्हाई," म्हणून पुन्हा काढली. असा माणूस दारातली फरशी मुद्दाम पोकळ ठेवतो हे मला खरं वाटेना.

आक्काला कामाचं काही सांगायचं नाही, हा त्याचा सगळ्यात कडक नियम. पहिल्याच आठवड्यात मी सहज म्हटलं, "आक्का, दादाला एवढं तांब्याभर पाणी नेऊन दे गं." ती उठायच्या आत तो दुसऱ्या खोलीतून गुडघ्यावर सिमेंट घेऊन हजर. "ती कामाला आलेली न्हाई. पानी मी घेतो." मला जरा लागलं. तांब्याभर पाण्याने कोण मोलकरीण होतं? संध्याकाळी हात धुताना तो आपणहून म्हणाला, "मला माज्या बापानं असंच संग नेलं व्हतं, खेळायला म्हनून. दुसऱ्या दिशी घमेलं दिलं. ते अजून डोक्यावर हाय." त्याच्या हत्यारांना हात लावायचीही तिला बंदी होती. ती फरशीचे तुकडे मांडून भातुकली खेळायची, चित्रं काढायची आणि दुपारी ओट्याखाली झोपायची. तेवढा वेळ तो मशीन लावायचा नाही. हाताने रेघ मारून फरशी तोडायचा आणि तुटली वाकडी तर ओठ मिटून शिव्या द्यायचा.

मग तिला आणायचीच कशाला? घरी त्याची आई होती, हे सगळ्यांना माहीत होतं. बायको मुलगी लहान असतानाच वारलेली. आजी असताना पोरीला सिमेंटात का हिंडवायचं, असं जो तो विचारायचा आणि जो तो वेगळं उत्तर घेऊन जायचा. ह्यांना म्हणाला, "आमची वस्ती उसात हाय. बिबट्या." आमच्याकडे या उत्तरावर पुढचा प्रश्न येत नाही. शेजारणीला म्हणाला होता, "ती नसली तर माजी लेव्हल चुकती." मला म्हणाला, "करमत न्हाई." आत्याबाईंना तर सरळ म्हणाला, "तुमाला काय करायचंय?" त्यावर त्या दोन दिवस खूश होत्या.

तो आतल्या भिंतीपासून बसवत बसवत दाराकडे यायचा, म्हणून शेवटची फरशी नेहमी दारातच पडायची. आमची शेवटची फरशी वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी आली. ओझरच्या गणपतीपुढे पत्रिका ठेवून झाली होती, आचारी ठरला होता, आणि आत्याबाईंची धाकटी बहीण, आमची लोणीची मावशी, सकाळीच येऊन बसली होती. दुपारी सगळे मागच्या घरात जेवत होते. ह्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, जा, बघ काय करतो ते. मी चहाचं निमित्त करून गेले.

दारात एका फरशीएवढी जागा राहिली होती. त्याने माल पसरून थापीने सारखा केला होता. आक्काला काखेत धरून त्याने उचललं होतं आणि तिचा उजवा पाय हलकेच त्या मालावर टेकवत होता. ती हसत होती. "गार लागतंय, दादा." पाय उचलला तर खाली पाच बोटांसकट लहानसं पाऊल उमटलेलं. त्याने लगेच तिला बादलीजवळ बसवलं, पाय चोळून चोळून धुतला आणि खिशातल्या बाटलीतलं खोबरेल लावलं. सिमेंट कातडी खातं. मग हातात फरशी घेऊन वळला तर मी समोर.

चोरी पकडल्यासारखा तो उभा राहिला. म्हणाला, "पाऊल हाय, वैनी. लेकीचं. लक्षुमीचं काढतात न्हवं दारात, तसं. वर फरशी बसती, कुणाला दिसत न्हाई. जरा पोकळ वाजती, येवढंच." काम पूर्ण व्हायच्या आधी त्याने मला वैनी म्हटलेलं ते पहिल्यांदाच. मला इतकं बरं वाटलं त्या पावलाकडे बघून की मी म्हणणार होते, असू द्या की, छान आहे.

पण माझ्या मागोमाग मावशी आली होती. तिने पोरीकडे बघितलं, मिस्त्रीकडे बघितलं आणि हातातला पदर तोंडावर दाबला.

"अगं बया! ही तर आमच्या लोणीच्या पोरीची. पांढऱ्या पायाची! जन्मली आन् म्हैन्याच्या आत आई गेली. वरसाच्या आत आजा गेला. हिच्या बापाची आई सोता सांगत व्हती, हिला उंबऱ्यात घेऊ वाटत न्हाई म्हनून. आन् उद्या वास्तुशांत, आन् हिचं पाऊल दारात?"

ती ओरडली म्हणून मागच्या घरातून सगळे आले. ह्यांच्या हाताला अजून आमटी होती. आत्याबाई सगळ्यात शेवटी, काठी टेकत.

मिस्त्रीने हातातली फरशी भिंतीला टेकवली. एवढंच म्हणाला, "बिबट्याला दार लावता येतं, पावणं. घरातल्या जिबंला काय लावू? म्हनून संग घिऊन फिरतो." मग म्हणाला, "हिचा पाय पडलेलं येक घर दावा मला, जितं वंगाळ झालं."

मला तेव्हा सगळं उमगलं. तो शेकडो फरश्या भरीव बसवणारा माणूस प्रत्येक घराच्या दारात एक पुरावा ठेवत चालला होता. कुणाला दाखवायला नाही. कुणाला माहीतही नव्हतं. फक्त ती घरं नांदती राहिली की त्याला पुरे होतं. गाडीवरून जाता-येता तो त्या घरांकडे बघत असणार. आणि आता पहिल्यांदा हे उघड्यावर आलं होतं, आणि पोरगी तिथेच उभी होती.

ती काय ऐकत होती, किती कळत होतं, देव जाणे. सगळे बोलत असताना ती पुढे आली, खाली पडलेली थापी उचलली आणि गुडघ्यावर बसून मालावरचं आपलं पाऊल पुसून टाकलं. बाप करायचा तसंच, सफाईने, एका बाजूने दुसरीकडे. मग थापी बादलीवर ठेवली आणि म्हणाली, "दादा, चल. जाऊ."

ज्या पोरीने आजवर त्याच्या हत्याराला हात लावला नव्हता, तिने पहिल्यांदा लावला तो यासाठी. मी मिस्त्रीचा चेहरा बघितला आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. मला रडू आवरेना. तो बादलीकडे वळला. थापी धुतली, हातोडी पिशवीत टाकली, मशीनला दोरी बांधायला लागला. ह्यांनी विचारलं, "अहो, ही शेवटची?" तो म्हणाला, "दुसरा मिस्त्री बगा."

"ए मेल्या," आत्याबाई म्हणाल्या. "माल पसर पुन्हा."

मावशी म्हणाली, "ताई, तू मधी पडू नको. घराचा इषय हाय."

"घर माझं हाय. मघापास्नं मीच तेवढी बोलले न्हाई." आत्याबाईंनी काठी माझ्या हातात दिली. "मी ह्या घरात आले त्या साली हिरीचं पानी आटलं आन् बैल मेला. सासूनं मला दारातून आत घेतलं न्हाई. म्हैनाभर मागच्या दारानं ये-जा केली मी. पांढऱ्या पायाची! तवा तुझं लगीन बी झालं नव्हतं, तुला काय सांगायचं? मग ते समदं घर कुणाच्या पायावर हुबं ऱ्हायलं? ह्याच. मालक गेल्यावर बी ह्याच."

हे मला माहीत नव्हतं. ह्यांनाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्याशी भांडत एका घरात राहिले आणि मला हे कुणी सांगितलं नाही.

मिस्त्रीने माल पसरला. थापीने सारखा केला. आत्याबाईंनी माझा खांदा धरला, पातळ जरा वर घेतलं आणि भेगा पडलेला आपला पाय त्या मालात दाबला. मावशी म्हणाली, "अगं, तू रांडमुंड बाई..." आणि तिथेच थांबली. आत्याबाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"आक्का, ये हिकडं. माझ्या शेजारी टाक."

ती बापाकडे बघत राहिली. तो मान हलवेना, नाही म्हणेना. मग ती हळूच आली आणि आत्याबाईंच्या मोठ्या पावलाशेजारी तिने आपलं टाकलं, स्वतःहून, कुणी उचललं नाही. "गार लागतंय ना?" आत्याबाईंनी विचारलं. तिने मान डोलावली.

मिस्त्रीने आधी लेकीचा पाय धुतला. मग बादली घेऊन आत्याबाईंपुढे बसला. त्यांनी पाय मागे घेतला. "काय करतोस रे?" तो म्हणाला, "सिमिट हाय, आजी. पाय खाईल." आणि त्यांचा पाय हातात घेऊन भेगा-भेगांतून धुतला, खोबरेल लावलं. धुताना तो रडत होता आणि लपवतही नव्हता. मग त्याने फरशी ठेवली, हातोडीने ठोकली, मुठीने टिचकी मारली. टप्प. त्या वेळी मात्र तो "बोलती हाय" म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीत मावशी त्या फरशीवरून लांब ढांग टाकून ये-जा करत राहिली. जेवणं झाल्यावर प्रसादाचं ताट घेऊन येताना ढांग चुकली आणि ती नेमकी त्याच फरशीवर दोन्ही पायांनी उतरली. टप्प वाजलं. आत्याबाई जिथे बसल्या होत्या तिथूनच म्हणाल्या, "आली गं बाई घरात." मावशी रागाने ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच लोणीला गेली. पुढे दिवाळीला आली तेव्हा काही बोलली नाही, सरळ चालत आत आली.

त्यानंतर मिस्त्री आमच्या रस्त्याने गेला की गाडी हळू करायचा. आत्याबाई बाहेरच्या ओट्यावरून काठी उगारायच्या, "अजून पडलं न्हाई रे घर!" तो म्हणायचा, "काम कुनाचं हाय!" टाकीवरची आक्का हळूहळू मागच्या सीटवर गेली. मग गाडीवर दिसेनाशी झाली, कारण मंचरला कॉलेजात जायला लागली. तो एकटाच यायचा-जायचा. दुसऱ्यांच्या दारातली शेवटची फरशी आता तो भरीव बसवतो, असं शेजारणीने कुठूनसं ऐकलं.

गेल्या पावसाळ्यात त्याने स्वतःच्या वस्तीवर घर बांधलं. इतक्या घरांना फरशी केलेल्या माणसाच्या घरात तोवर सारवलेली जमीन होती. आम्हाला बोलावणं आलं. आत्याबाईंना आता फारसं चालवत नाही, तरी हट्ट करून आल्या. दोन खोल्या, पुढे पडवी, चारही बाजूंनी ऊस. आतल्या खोलीत खाटेवर त्याची आई पडून होती. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

आत्याबाई दारातच थांबल्या आणि काठीने पहिली फरशी ठोकली. गप्प. दुसरी ठोकली, तिसरी ठोकली, खोलीभर ठोकत गेल्या. कुठेच बोलेना. मीही टाचेने बघितलं. सगळी भरीव.

"ह्यात न्हाई ठिवलंस रे पाऊल?"

"हितं कशाला, आजी?" तो म्हणाला. "हितं ती सोता येती-जाती की."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. बाहेर चिखल होता. पिशवी खांद्याला लावलेली उंच मुलगी चप्पल काढून घाईघाईने आत आली. आमच्याकडे बघून हसली. आतल्या खोलीतून म्हातारीची हाक आली, "आक्का, आलीस का गं? पाय वाजला म्हनून म्हनलं." ती "आले, आजी," म्हणत सरळ आत गेली. नव्या कोऱ्या पांढऱ्या फरशीवर दारापासून खाटेपर्यंत चिखलाची पावलं उमटली.

मी पटकन उठून कोपऱ्यातलं फडकं उचललं. मला त्याचा स्वभाव माहीत होता.

"ऱ्हाऊ द्या, वैनी," मिस्त्री म्हणाला. "पुसू नका."